भ्यालेला पोपट काय बोलणार?

१९७७ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. अमेरिकेतल्या शिकागो शहराजवळ पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात आयरीन पेपरबर्ग नावाची तरुण संशोधक पोपट विकत घ्यायला गेली. तिचे शिक्षण खरे तर रसायनशास्त्रातले. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट तिला आदल्याच वर्षी मिळाली होती. पण मन मात्र प्राण्यांच्या बुद्धीच्या प्रश्नाकडे ओढले गेले होते. पिंजऱ्यात आफ्रिकन करडे पोपट होते. यातला कोणता हवा, असे विचारल्यावर तिने निवड दुकानातल्या माणसावरच सोपवली. आपण मुद्दाम हुशार पोपट निवडून आणला, असा आरोप पुढे कोणी करू नये, हा तिचा हेतू होता.

हाताला सोपा सापडला तो पोपट त्या माणसाने जाळीत पकडला, उताणा केला, त्याचे पंख, नखे आणि चोच छाटली आणि त्याला एका लहान खोक्यात घातले. पोपट वर्षभराचा होता. तिथून तो इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आला. नवी जागा, नवी माणसे, नवे आवाज. तो पिंजऱ्याबाहेर यायला तयार नव्हता आणि हात जवळ आला की बिचकत होता. त्याचे नाव ठेवले अ‍ॅलेक्स.

पुढच्या तीस वर्षांत याच अ‍ॅलेक्सने पक्ष्यांच्या बुद्धीविषयीच्या आपल्या कल्पना बदलून टाकल्या. पण त्या पहिल्या आठवड्यात कोणी त्याची परीक्षा घेतली असती तर निकाल काय लागला असता? साफ नापास. मग त्या निकालावरून पोपटाला बुद्धी नाही असे म्हणायचे, की तो घाबरलेला आहे एवढेच म्हणायचे?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. विज्ञानाला तो नीट विचारायलाच अर्धे शतक लागले. त्या अर्ध्या शतकाची ही हकिगत आहे.

पलायन-अंतर

अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमणीकडे चालत जा. काही अंतरापर्यंत ती टिपत राहते. मग मान वर करते, पिसे अंगाला घट्ट चिकटवते आणि भुर्रकन उडते. हे अंतर कमीजास्त होते, पण उगाच होत नाही. १९३० च्या दशकात हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने या अंतराचा पद्धतशीर विचार केला. शत्रू किती जवळ आला की प्राणी पळ काढतो, त्या अंतराला त्याने ‘पलायन-अंतर’ म्हटले. हेडिगर पुढे बर्न, बाझल आणि झुरिक या तिन्ही शहरांच्या प्राणिसंग्रहालयांचा संचालक झाला.

हेडिगरने माणसाळण्याची व्याख्या याच अंतराच्या भाषेत केली. माणसाच्या बाबतीत ज्याचे पलायन-अंतर शून्यावर आले, तो प्राणी माणसाळला. जी गोष्ट ‘त्याला लळा लागला’ एवढ्याच शब्दांत सांगितली जाई, ती आता पावलांनी मोजता येऊ लागली.

पण या मोजपट्टीत एक मेख आहे. पळायला जागा असेल तरच पलायन-अंतराला अर्थ असतो. पिंजऱ्यातला पक्षी पळू शकत नाही. माणूस जवळ आला तर तो गजांवर धडका देईल किंवा पुतळ्यासारखा निश्चल बसेल. बघणाऱ्याला वाटते, ‘बघा, किती शांत आहे!’ अंड्यांवर बसलेल्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके शास्त्रज्ञांनी मोजले, तेव्हा माणूस जवळ येताना पक्षी जागचा न हलताही ठोके वाढलेले आढळले. न हलणे म्हणजे न भिणे नव्हे. वर्गात हाताची घडी घालून गप्प बसलेल्या मुलाकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पेटीतले कबूतर

त्याच सुमारास अमेरिकेतल्या मानसशास्त्रावर वर्तनवादाचा पगडा होता. बी. एफ. स्किनर हे त्यातले सर्वांत मोठे नाव. स्किनरने बनवलेल्या पेटीत कबूतर ठेवत. भिंतीवरच्या चकतीवर चोच मारली की दाणे मिळत. दाण्यांची ओढ कायम राहावी म्हणून कबुतराला बेताचेच खाऊ घालून त्याचे वजन नेहमीच्या सुमारे ८० टक्क्यांवर ठेवण्याचा प्रघात पडला.

या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिने दिलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. हवे ते वर्तन एकदम मागायचे नाही. त्या दिशेने पडलेले बारीकसे पाऊल टिपायचे, त्याच क्षणी बक्षीस द्यायचे, मग पुढचे पाऊल. भित्र्या पक्ष्याला हातावर आणण्याची आजची रीत याच तत्त्वावर उभी आहे. पक्षी जितक्या अंतरावर निवांत असतो तिथेच थांबायचे. अंग सैल आहे, पिसे विंचरतो आहे, एक पाय पोटाशी घेऊन बसला आहे, अशी खूण दिसली की आवडीचा दाणा ठेवून आपण मागे सरायचे. मान ताठ झाली, पिसे अंगाला चपटी झाली की आपण जास्त पुढे आलो असे समजायचे. चूक आपली, पक्ष्याची नव्हे.

बोलक्या पक्ष्यांवर मात्र ही पद्धत फारशी चालली नाही. १९५० च्या दशकात ओ. हॉबर्ट मौरर या मानसशास्त्रज्ञाने पोपट आणि मैनांना खाऊचे बक्षीस देऊन बोलते करण्याचे प्रयोग केले. पक्षी शब्द उच्चारत, पण शब्दाचा वस्तूशी संबंध जोडत नसत. याचे एक कारण पेपरबर्गने पुढे दाखवले. शब्द कोणताही असो, बक्षीस तेच. मग ‘किल्ली’ या शब्दाचा अर्थ पक्ष्याच्या लेखी ‘शेंगदाणा’ असाच होणार! त्या काळी मात्र अनेकांनी निष्कर्ष काढला तो पोपटाविरुद्ध. पोपट नुसती नक्कल करतो, त्याला समज नसते. आपल्याकडे ‘पोपटपंची’ हा शब्द त्याच अर्थाने रुळलेला आहेच.

उघड्या खिडक्यांचे घर

अगदी उलट बाजूने या प्रश्नाला भिडलेली एक बाई इंग्लंडमध्ये होती. तिचे नाव लेन हॉवर्ड. पेशाने ती व्हायोला हे तंतुवाद्य वाजवणारी. १९३८ मध्ये लंडनचे संगीतजीवन सोडून ती ससेक्स परगण्यातल्या डिचलिंग गावाजवळ एका लहान घरात राहायला गेली. घराच्या खिडक्या तिने पक्ष्यांसाठी उघड्या ठेवल्या.

‘ग्रेट टिट’ हा साधारण चिमणीएवढा पक्षी. आपल्याकडे आढळणारा राखाडी टिट त्याचाच जवळचा नातलग. हे टिट पक्षी तिच्या घरात येऊ-जाऊ लागले. खोलीत टांगलेल्या पेट्यांमध्ये रात्री झोपू लागले, हातावर बसून खाऊ लागले. कागदांची चिरफाड झाली, सामानाची नासधूस झाली. तिने ते चालवून घेतले. पाहुण्यांना मात्र ती सहसा घरात घेत नसे, कारण अनोळखी माणूस आला की पक्षी बिथरत आणि पुन्हा स्थिर व्हायला वेळ घेत. दार उघडे असूनही पक्षी आत येत होते, म्हणजे हेडिगरच्या मोजपट्टीवरची मेख इथे नव्हतीच.

१९५२ मध्ये तिचे पहिले पुस्तक आले. त्याला ज्युलियन हक्सली या नामवंत जीवशास्त्रज्ञाची प्रस्तावना होती. पक्षी एकमेकांसारखे नसतात, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो, हे तिने वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले. ‘स्टार’ नावाची एक टिट मादी, हॉवर्ड जितक्या टिचक्या वाजवील तितक्याच वेळा लाकडावर चोच आपटायला शिकली, असेही तिने लिहिले. तिचे म्हणणे असे, की घाबरलेला पक्षी ठरावीक, यांत्रिक हालचालीच करतो. प्रयोगशाळेत पक्षी यंत्रासारखा वाटतो, त्यात प्रयोगशाळेचाच मोठा वाटा आहे.

विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी तिच्या कामाला फारसे जवळ केले नाही. यात सगळा दोष त्यांचाच होता असे नाही. निरीक्षण करणारी एकटी तीच. पडताळा घ्यायला दुसरे कोणी नाही. पक्षी मोजत होता, की तिच्या चेहऱ्यावरचा भाव वाचत होता?

हान्स घोड्याची सावली

या शंकेमागे एका घोड्याची गोष्ट होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये व्हिल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त शिक्षकाचा ‘हान्स’ नावाचा घोडा गणिते सोडवत असे. उत्तर तो खूर आपटून देई. मालकाच्या मनात कसलीही लबाडी नव्हती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने काळजीपूर्वक चाचण्यांनी दाखवले, की प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल तर हान्सलाही ते येत नाही. खुरांची संख्या बरोबर उत्तरापाशी पोहोचली की माणूस नकळत किंचित हलतो, आणि घोडा तेवढे हेरून थांबतो.

यातून शास्त्रज्ञांनी एक धडा घेतला. माणूस आणि प्राणी यांच्यात जवळीक असेल तर निष्कर्षात भेसळ होते, म्हणून माणूस जितका दूर तितका प्रयोग शुद्ध. पण दुसरी बाजू राहून गेली. जवळिकीने जशी भेसळ होते तशी भीतीनेही होते. घाबरलेल्या प्राण्याची चाचणी ही बुद्धीची चाचणी राहत नाही, भीतीची होते. पहिली भेसळ प्राण्याला आहे त्याहून हुशार दाखवते, दुसरी आहे त्याहून मठ्ठ. पहिलीबद्दल सगळे सावध होते. दुसरीकडे फारसे कोणी पाहिलेच नव्हते.

अ‍ॅलेक्सची शाळा

आता पर्ड्यूच्या त्या खोलीत परत येऊ. अ‍ॅलेक्सचा विश्वास आणि प्रयोगाची शिस्त अशा दोन्ही गोष्टी पेपरबर्गला हव्या होत्या.

पहिली पायरी विश्वासाची. करडे पोपट रानात थव्याने राहतात. एकटेपणा त्यांना सोसत नाही. म्हणून अ‍ॅलेक्सबरोबर दिवसाचे कित्येक तास कोणी ना कोणी माणूस राहील अशी व्यवस्था झाली. त्याला काय आवडते हे पाहिले गेले. त्याला कागद फाडायला फार आवडे. तेव्हा शिकवण्याची सुरुवातच ‘कागद’ या शब्दापासून झाली.

दुसरी पायरी पद्धतीची. डिटमार टोट या जर्मन संशोधकाने १९७५ मध्ये मांडलेली एक पद्धत पेपरबर्गने घेतली आणि सुधारली. पोपटासमोर दोन माणसे बसत. एक शिक्षक, दुसरा विद्यार्थी. शिक्षक कागद दाखवून विचारी, ‘हे काय?’ विद्यार्थी बरोबर सांगे, त्याला कागद मिळे. चुकीचे सांगितले तर कागद काढून घेतला जाई. पोपट हे पाहत असे. दुसरा माणूस त्याच्यासाठी नमुनाही होता आणि प्रतिस्पर्धीही. टोटच्या प्रयोगात भूमिका ठरलेल्या असत. पेपरबर्गने त्या अदलून-बदलून दिल्या, म्हणजे प्रश्न विचारण्याची मक्तेदारी एकाच माणसाकडे नाही हे पोपटाला कळावे. या पद्धतीत भित्र्या पक्ष्याची मोठी सोय होती. आधी नुसते बघायचे, ऐकायचे, वाटेल तेव्हा भाग घ्यायचा. शिवाय बक्षीस म्हणून तीच वस्तू मिळे. ‘कागद’ म्हटले की कागदच. शेंगदाण्याचा घोटाळा इथे संपला.

तिसरी पायरी हान्सच्या सावलीतून बाहेर पडण्याची. एखादा शब्द ज्याने शिकवला तो त्या शब्दाची परीक्षा घेत नसे. वेगवेगळ्या प्रकारचे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असत. काही चाचण्यांत मुख्य प्रशिक्षक पाठ करून बसे. वस्तू तिला दिसत नसे, पोपट काय म्हणाला एवढेच ती ऐकून सांगे.

फळ काय मिळाले? अ‍ॅलेक्स पन्नासहून अधिक वस्तूंची नावे, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतचे आकडे वापरू लागला. उत्तरे सुमारे ८० टक्के वेळा बरोबर येत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोन वस्तू दाखवून ‘यांत सारखे काय? वेगळे काय?’ असे विचारले तर तो रंग, आकार किंवा पदार्थ यांपैकी योग्य ते सांगे, न पाहिलेल्या वस्तूंच्या बाबतीतही. याला माणसासारखी भाषा येते असा दावा पेपरबर्गने केला नाही. तिचा दावा माफक होता. शब्द वस्तूशी जोडता येतो आणि ‘सारखे–वेगळे’ अशी अमूर्त कल्पना या मेंदूला पेलते. शंका घेणारे तेव्हाही होते, पुढेही राहिले. पण ‘पोपटपंची’ या शब्दाचा पाया मात्र डळमळला.

नाही म्हणण्याची मुभा

या सगळ्यात शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी एक बारीक गोष्ट आहे. अ‍ॅलेक्स ‘नाही’ म्हणायला शिकला होता आणि ‘परत जायचंय’ म्हणायलाही. कंटाळा आला की तो तसे म्हणे, किंवा पाठ फिरवी. ऐकून घेणारे कोणी आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

भीती घालवण्याचे तीन मार्ग या इतिहासातून हळूहळू स्पष्ट झाले. पहिला सवयीचा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आणि इजा झाली नाही की भीती बोथट होते. दुसरा जोडणीचा. माणूस दिसला की काही चांगले घडते. तिसरा मार्ग सर्वांत उशिरा ध्यानात आला. काय घडावे यावर पक्ष्याचा स्वतःचा थोडा ताबा असणे. हॉवर्डच्या घराची उघडी खिडकी आणि अ‍ॅलेक्सचे ‘परत जायचंय’ या दोन्हींचा अर्थ एकच. जिथून जाता येते तिथे थांबणे म्हणजे विश्वास.

या मुभेने प्रयोगाचे नुकसान झाले का? एक उदाहरण पाहा. आकड्यांच्या चाचण्यांच्या एका काळात अ‍ॅलेक्सचे लक्ष लागेना. ताटात वेगवेगळ्या रंगांच्या वस्तूंचे गट ठेवून ‘तीन कोणत्या रंगाचे?’ असे विचारले, तर तो पुन्हा पुन्हा ‘पाच’ म्हणत राहिला. ताटात पाचाचा गटच नव्हता. शेवटी वैतागून विचारले, ‘बरं, पाच कोणत्या रंगाचे?’ तो म्हणाला, ‘काहीच नाही.’ हा शब्द तो याआधी ‘सारखे–वेगळे’च्या प्रश्नात ‘काही फरक नाही’ या अर्थी वापरत असे. तो इथे, गट हजर नाही या अर्थी, त्याने आपणहून लावला. पुढच्या चाचण्यांतही त्याने तो योग्य जागी वापरला आणि शून्यासारख्या कल्पनेवरचा हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आज्ञेबाहेर जायची सोय नसती तर हे कळलेच नसते.

६ सप्टेंबर २००७ रोजी अ‍ॅलेक्स वारला. वय एकतीस. करड्या पोपटाच्या मानाने लवकरच.

पिंजरा न आणता

हे वाचून कोणाला पोपट पाळायची इच्छा झाली तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या रानातले पोपट पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आफ्रिकन करडा पोपटही बाजारासाठी इतका पकडला गेला, की २०१६ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त जातींत झाली आणि २०१७ पासून रानातून धरलेल्या करड्या पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. ज्यांच्या घरी परदेशी जातीचा, कायदेशीररीत्या घेतलेला पक्षी आधीपासूनच आहे, त्यांना वरच्या हकिगतीचा उपयोग होईल. इतरांसाठी हेडिगरची मोजपट्टी पुरेशी आहे.

शाळेच्या आवारात रोज ठरावीक वेळी, ठरावीक जागी मूठभर दाणे टाका. एकाच विद्यार्थ्याने, एकाच संथ चालीने पक्ष्यांकडे चालत जायचे. पहिला पक्षी उडाला की जागीच थांबून खडा ठेवायचा आणि दाण्यांपर्यंतचे अंतर पावलांनी मोजायचे. महिनाभर रोज नोंद ठेवा. अंतर कमी होते का? दाणे टाकणारा विद्यार्थी आणि अनोळखी विद्यार्थी यांच्यात फरक पडतो का? कावळा, साळुंकी, कबूतर यांच्यात? घरट्याजवळ मात्र हा प्रयोग करू नका. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात २००६ पासून झालेल्या प्रयोगांत, मुखवटा घालून ज्या माणसांनी कावळे पकडले, तो मुखवटा कावळ्यांनी वर्षानुवर्षे लक्षात ठेवला आणि दिसताच कलकलाट केला. मिळवलेला विश्वास पावलापावलाने वाढतो, पण जाळी एकदाच पडली तरी पुरते.

मोजणी संपल्यावर मुलांशी बोलताना एक प्रश्न जरूर विचारा. आपण मोजले ते पक्ष्याचे भित्रेपण, की आपले वागणे? फळ्याजवळ बोलावल्यावर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी प्रत्येक वर्गात असते. त्यांच्या नावापुढे गुण मांडण्याआधी हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारलेला बरा.